चार टनांचा स्लॅब आणि दीड टनाचा एसी

होळी उलटली की त्र्यंबकेश्वरातही हल्ली एक प्रश्न ऐकू येतो : एसी बसवायला किती खर्च येईल? उत्तर ठरलेलं असतं. यंत्राचे तीस-पस्तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, फिटिंगचे वेगळे, तांब्याची नळी जास्त लागली तर तिचे मीटरवर. आकडा पटला की हप्ता ठरतो आणि विषय संपतो.

माझ्या मते विषय तिथे सुरूही झालेला नसतो. घर गार किंवा उबदार ठेवण्याचा खर्च यंत्र घेताना ठरत नाही. तो बऱ्याच वर्षांपूर्वी, छत टाकताना ठरून गेलेला असतो. एसी आणि गिझर तो फक्त वसूल करतात. त्यामुळे ‘कोणता एसी स्वस्त?’ या प्रश्नाआधी ‘या घरात उष्णता येते कुठून आणि जाते कुठे?’ हा प्रश्न विचारायला हवा. त्र्यंबकसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात तर त्याचं उत्तर मुंबईहून किंवा अलिबागहून उसनं आणताच येत नाही.

१. किमतीच्या चिठ्ठीत काय दिसत नाही

आधी साधा हिशोब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण गृहीतं उघड आहेत. बारा बाय बाराची एक खोली, दीड टनाचा एसी, रात्री आठ तास, सरासरी सात युनिट. उन्हाळ्याच्या सत्तर रात्री धरल्या तर वर्षाला ४९० युनिट झाले. बारा रुपये दर धरला तर वर्षाचे सुमारे ५,९०० रुपये आणि दहा वर्षांचे ५९ हजार. दहा वर्षांची साफसफाई, गॅस, स्टँड, स्वतंत्र वायर, अर्थिंग हे सगळं मिळवलं की चाळीस हजारांचं यंत्र सव्वा लाखाच्या आसपास जातं. दुकानात विचारलेली किंमत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच निघते.

बारा रुपयांचा दर कुणाला जास्त वाटेल, पण तिथेच दुसरी मेख आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि शंभर युनिटांनंतरचा दर पहिल्या शंभरच्या दुपटीहून जास्त असतो. महिन्याला नव्वद युनिटात भागणाऱ्या घरात एसीचे दोनशे-सव्वादोनशे युनिट शिरले, तर त्यातले बहुतेक सगळे वरच्या टप्प्यात मोजले जातात. म्हणजे काटकसरीने राहणाऱ्या घरालाच एसीचं प्रत्येक युनिट महागात पडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा ‘एसी स्वस्त झाला’ अशा बातम्या आल्या. स्वस्त झाला तो त्या तिसऱ्या हिश्शातला एक तुकडा.

२. ‘टन’ कशाचा?

एसीचा टन हे यंत्राचं वजन नव्हे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तो बर्फाचा टन आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खेचण्याची क्षमता म्हणजे एक टन, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. दीड टनाचं यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसून बाहेर टाकतं.

इथे ‘उपसणं’ हाच शब्द नेमका आहे. एसी थंडी तयार करत नाही. बुडत्या होडीतलं पाणी डब्याने काढावं तसं घरात शिरलेलं ऊन तो बाहेर फेकतो. होडीला भोक असेल तर ‘किती मोठा डबा घेऊ?’ हा पहिला प्रश्न असत नाही. बाहेर फेकलेली उष्णताही नाहीशी होत नाही. तिच्यात यंत्राने खाल्लेली वीज मिळते आणि दर यंत्रामागे सहा-साडेसहा किलोवॅटचा झोत गल्लीत पडतो. देवळाभोवतीच्या अरुंद बोळात अशी दहा यंत्रं समोरासमोर लटकली, तर समोरच्या बिनएसीच्या घराने खिडकी उघडायची कुठे? एका घराच्या गारव्याची किंमत शेजारी भरतो आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही.

३. समुद्रकाठ आणि घाटमाथा : दोन वेगळ्या प्रकृती

त्र्यंबक समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे आणि अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. ब्रह्मगिरीच्या पश्चिमेला मोखाडा, जव्हार करत रस्ता कोकणाकडे उतरतो. अंतर थोडं असलं तरी गारव्याचं गणित घाटात उलटं होतं.

किनाऱ्यावर मे महिन्यात पारा तेहतीस-चौतिसावर थांबतो, पण हवा ओली असते. घाम वाळत नाही आणि रात्रही उतरत नाही. तिथे माणसाला छळते ती वाफ. योगायोग असा की आधुनिक एसीचा जन्मही वाफेशी झुंजतानाच झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्र आखलं, कारण दमट हवेत कागद फुगत होता आणि रंगांची छपाई जुळत नव्हती. कोकणातल्या दमट रात्री एसी हे म्हणून नेमकं औषध आहे. तिथे त्याची किंमत वेगळ्या वाटेने चुकवावी लागते : खारी हवा बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आणि नळ्या खाते, सांगाडा गंजतो, आणि यंत्राचं आयुष्य दुकानदाराने सांगितल्याहून लवकर सरतं.

त्र्यंबकचा एप्रिल निराळा आहे. दुपारी पारा सदतीस-अडतीसवर जातो, पण हवा कोरडी असते आणि पहाटेपर्यंत तापमान पंधरा अंशांनी खाली येतं. या कोरडेपणाला किंमत आहे. अडतीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडातून हवा जाऊ देऊन ती पंचविशीच्या खाली आणता येते. वाळ्याचा पडदा हेच करायचा आणि कूलरही हेच करतो. किनाऱ्यावर तेहतीस अंश आणि सत्तर टक्के आर्द्रतेत तोच कूलर एकोणतिसावर अडखळतो आणि खोली आणखी ओली करून ठेवतो. त्याहून मोठी देणगी रात्रीची. पहाटे बाहेर बाविशीतली हवा फुकट मिळत असताना बंद खिडकीआड यंत्राने चोवीस अंश विकत घेणं, हा किनाऱ्याचा उपाय घाटावर चढवण्याचा प्रकार आहे.

मग प्रश्न उरतो : बाहेर रात्र गार असताना आतला माणूस घामाघूम का?

४. स्लॅब : ना पुरता जाड, ना पुरता हलका

उत्तर डोक्यावर आहे. मे महिन्यात रात्री दहाला वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून पाहा. तव्यासारखा चटका बसत नाही, पण आजारी माणसाच्या कपाळासारखी धग जाणवते. पंखा लावला की ती धग गादीवर उतरते.

त्याच बारा बाय बाराच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब घेऊ. त्याचं वजन साधारण चार टन भरतं. हे टन खरे, वजनाचे. हा चार टनांचा दगड दिवसभराच्या उन्हात दहा अंशांनी तापला, तर त्यात जवळजवळ दहा युनिटांएवढी उष्णता साठते. संध्याकाळनंतर तिचा काही भाग आकाशाकडे जातो आणि उरलेला खाली, झोपलेल्या माणसांवर. दुपारी गिळलेलं ऊन स्लॅब रात्री ओकत राहतो.

‘पण दगडी देऊळ तर गार असतं’ असं कुणी म्हणेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं त्र्यंबकेश्वराचं काळ्या पाषाणातलं मंदिर भर उन्हातही आत थंड असतं, हे खरं आहे. तिथे भिंतींची जाडी फुटांत मोजावी लागते. बाहेरचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि ते माघारी वळतं. पाच इंचांच्या स्लॅबमधून मात्र तीन-चार तासांत ते आरपार येतं. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला खोलीत, म्हणजे माणसं घरी परतण्याच्या वेळेला. कारवीच्या कुडाचं, कौलाचं घर याच्या दुसऱ्या टोकाला. दिवसा ते तापतं, पण त्याच्यात साठवण नसल्यामुळे अंधार पडताच निवतं. आपला स्लॅब या दोघांच्या मधोमध फसला आहे. ऊन साठवण्याइतका जाड, पण ते अडवण्याइतका नाही.

इको निवास संहिता, २०१८ म्हणते की छताच्या दर चौरस मीटरमधून, दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅटहून जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा स्लॅब त्याच्या अडीच-तीनपट उष्णता आत घेतो. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. गावातलं दुमजली घर आणि पाड्यावरचं घरकुल तिच्या कक्षेत येत नाही. ज्यांना एसी परवडणार नाही त्यांच्याच छताला नियम नाही.

५. गळतीवर शोधलेलं औषध

यावर त्र्यंबकच्या माणसाने अर्धं उत्तर आधीच शोधून ठेवलं आहे, फक्त ते दुसऱ्या रोगावरचं म्हणून. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नाशिक शहराच्या जवळपास तिप्पट. पाच-सात पावसाळ्यांत स्लॅब झिरपू लागतो, भिंतीला पोपडे येतात आणि मालक वैतागून गच्चीवर पत्र्याचं शेड टाकतो. हेतू एवढाच की गळती थांबावी.

त्या शेडने नकळत दुसरं काम केलेलं असतं. आता ऊन पत्र्यावर पडतं, स्लॅबवर सावली असते आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा तापलेली हवा ओढून नेतो. पत्रा हलका आहे. दिवसा भाजतो, पण दिवेलागणीला गार होतो. चार टनांच्या स्लॅबच्या डोक्यावर छत्री आली. ही छत्री नीट काम करायची तर तीन पथ्यं आहेत.

एक, चारही बाजू बंद करू नयेत. पुढे खोली काढायच्या आशेने भिंती चढवल्या की सावली जाऊन भट्टी तयार होते. दोन, पत्रा फिक्या रंगाचा असावा. तीन, पश्चिमेची कड थोडी पुढे काढावी, म्हणजे उतरतं ऊन वरच्या भिंतीवर येत नाही आणि पावसाची झोडही चुकते.

अहमदाबाद, हैदराबादकडे छताला पांढरा लेप देण्याचा उपाय चांगला रुजला आहे. तेलंगणने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. कोरड्या मुलखात ते योग्यच आहे. त्र्यंबकच्या पावसात मात्र उघड्या स्लॅबवरचा चुना पहिल्याच श्रावणात शेवाळाने काळवंडतो आणि दर वर्षी पुन्हा द्यावा लागतो. इथे छत्री लेपापेक्षा टिकाऊ. शेडचा खर्च एका एसीहून जास्त होईल, हे मी लपवत नाही. पण तो खर्च गळतीपायी होणारच आहे, तो साऱ्या घरासाठी आहे, आणि त्याचं मासिक बिल येत नाही.

६. ज्याची चर्चाच होत नाही : उबेचा खर्च

गारव्यावर एवढं बोललं जातं की त्र्यंबकमध्ये ऊब त्याहून महाग पडते, हे लक्षातच येत नाही. इथे घरं तापवत नाहीत. शेकोटी, घोंगडी आणि गोधडी यावर थंडी निभते. पण पाणी तापवावं लागतं, आणि तेही पावसाळा धरून वर्षातले आठ-नऊ महिने.

वीस लिटरची बादली वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यायला अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घरात रोज अडीच युनिट, अडीचशे दिवसांचे सव्वासहाशे. वर एसीचे ४९० निघाले होते. म्हणजे ज्या गिझरचा खर्च कुणी विचारत नाही, तो एसीहून जास्त वीज खातो.

हा प्रश्न यात्रेकरूंच्या लॉजमध्ये कितीतरी मोठा होतो. नारायण नागबळीसाठी आलेला यजमान तीन दिवस राहतो आणि पहाटे स्नान करून विधीला बसतो. वीस खोल्यांत दोन-दोन किलोवॅटचे गिझर पाचच्या ठोक्याला एकदम सुरू झाले की चाळीस किलोवॅटचा भार पडतो. मंजूर भार आणि वायरिंग या एका तासासाठी वाढवावं लागतं. सौर बंब ऑक्टोबर ते मे उत्तम चालतो. पण त्र्यंबकच्या आषाढ-श्रावणात सूर्यच दिसत नाही, आणि गरम पाणी तर तेव्हाच हवं असतं. तिथे हीट पंप उपयोगी पडतो. हा उलटा फिरवलेला एसीच. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो. विकत घेताना तो महाग वाटतो, पण रोज शेकडो लिटर पाणी लागणाऱ्या लॉजला साध्या गिझरची स्वस्ताई जास्त महाग पडते.

७. आक्षेप आणि उत्तरं

*‘हे सगळं जुन्या घरांचं कौतुक आहे.’* नाही. कौलारू घर दर उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारावं लागे. माकडांच्या एका उडीत पाच-दहा कौलं फुटत. वाशांना वाळवी लागे, आढ्यावरून विंचू पडे. ज्या बाईने भर पावसात गळक्या जागी भांडी मांडत रात्री काढल्या, तिला स्लॅबचं अप्रूप वाटलं तर ते शहाणपणच आहे. मी स्लॅब काढा म्हणत नाही. त्याला उन्हात उघडा सोडू नका, एवढंच म्हणतो.

*‘गारव्याची सोय असलेल्याने दुसऱ्याला काटकसर शिकवू नये.’* हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. भारतात एसी दहातल्या एखाद्या घरात आहे, आणि उष्णतेने माणसं मरतात. म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या खोलीत, दवाखान्यात, बाळंतिणीच्या खोलीत एसी ही चैन नव्हे. माझं म्हणणं क्रमाचं आहे. छत आधी सावलीत आलं तर तीच खोली दीडऐवजी एक टनात भागते, यंत्र कमी तास चालतं आणि वीज गेली तरी खोली तासाभरात भट्टी होत नाही. ज्याला एसी मिळणारच नाही, त्याला तर छत हाच एकमेव एसी आहे. ग्रामीण घरकुलाला सपाटीवर १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये मिळतात. त्या रकमेत पक्कं छत बसतं, पण छताची सावली बसत नाही. काटकसरीचा उपदेश करायचाच तर तो सरकारच्या अंदाजपत्रकाला करावा.

*‘गच्चीवर सोलर पॅनल टाकले की वीज फुकट.’* फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि ते जरूर घ्यावं. पण पॅनल दिवसा वीज देतं आणि घरगुती एसी रात्री चालतो. नेट मीटरच्या सोयीने हिशोब जुळतो, तरी भोक बुजवण्याऐवजी मोठा डबा फुकट मिळाल्यासारखंच ते आहे. पॅनलचा दुसरा फायदा मात्र कुणी सांगत नाही : ते उंचावर बसवलं तर स्लॅबला सावली देतं. शेड आणि पॅनल एकाच सांगाड्यावर आलं तर एकाच खर्चात दोन कामं होतात.

*‘रात्रीसुद्धा आता पूर्वीसारख्या गार राहिल्या नाहीत.’* खरं आहे, आणि पुढे आणखी उबतील. म्हणून तर घर सुधारण्याची घाई हवी. यंत्र दहा वर्षांनी बदलता येतं, छत पन्नास वर्षं तसंच राहतं. आणि रात्रीची हवा घ्यायची तर खिडकीला डासांची जाळी आणि चोरापासून गज लागतात. अनेक घरांत एसी लागतो तो उकाड्यामुळे नव्हे, खिडकी उघडता येत नाही म्हणून.

*‘भाडेकरूने काय करावं?’* इथे बाजार हतबल आहे. घर बांधतो मालक आणि बिल भरतो भाडेकरू. छतावर खर्च करून मालकाला काही मिळत नाही. हा गुंता कुणाच्या सद्बुद्धीवर सोडून भागणार नाही, बांधकाम परवान्यात त्याला जागा हवी. नगर परिषदेने गच्चीवरच्या उघड्या, ठरावीक उंचीच्या शेडला जादा बांधकाम न समजता निमूट परवानगी द्यावी आणि नव्या स्लॅबला सावलीची अट घालावी. कागदाची एक ओळ पुरे.

८. सिंहस्थ आणि चुकीचा ऋतू

हे आताच सांगण्याचं कारण २०२७ चा सिंहस्थ. त्याच्या तयारीत जुनी घरं पाडून लॉज उभे राहतात, मजल्यावर मजला चढतो, आणि जाहिरातीत पहिला शब्द असतो ‘एसी रूम’. कुशावर्तावरची मुख्य स्नानं मात्र पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात. तेव्हा त्र्यंबकमध्ये पारा पंचविशीच्या आसपास असतो, ब्रह्मगिरी ढगात बुडालेला असतो आणि दोरीवरचं धोतर दोन दिवस वाळत नाही. त्या यात्रेकरूला गारवा कशाला? त्याला पहाटेचं गरम पाणी हवं, कोरडं अंथरूण हवं, ओले कपडे वाळवायला वारा खेळणारी जागा हवी. एसी ‘ड्राय’वर ठेवला तर खोलीतली ओल कमी होते, हे मान्य, पण वाळवणासाठी खोलीखोलीत कॉम्प्रेसर चालवण्याआधी गच्चीवर छप्पर असलेलं, चारही बाजूंनी मोकळं शेड जास्त कामाचं. उन्हाळ्यात तेच शेड खालच्या खोल्यांवर सावली धरेल.

म्हणजे गळती, उकाडा आणि ओल या त्र्यंबकच्या तिन्ही तक्रारींचा रस्ता एकाच ठिकाणी येतो. गवंड्याकडून स्लॅबचा अंदाज घेताना सळई, सिमेंट, खडी, सेंट्रिंग आणि मजुरी विचारली जाते. त्याच कागदावर छत्रीचा खर्च मांडला, तर एसीच्या दुकानात विचारायचे प्रश्न आपोआप कमी होतील. तो तिथे मांडला नाही, तर पुढची पन्नास वर्षं महावितरणच्या बिलात मांडला जाईल, आणि ते बिल बहुधा घर बांधणाऱ्याच्या नावावर नसेल.